अर्ध्या ओळखीचे शब्द

आमच्या ताईकडे शिकवणीला पोर घातलं की पहिल्याच आठवड्यात आईबाप भांडायला यायचे, हे ठरलेलं. वरच्या मजल्यावर तिचं घर, खाली माझं शिवणाचं दुकान, त्यामुळे जिना चढायच्या आधी ते माझ्याकडेच डोकावायचे. मावशी, तुमच्या बहिणीनं अख्ख्या आठवड्यात मोजके चार शब्द शिकवलेत, पलीकडच्या क्लासात एका बैठकीत पन्नास करून घेतात, असं कसं चालेल? मी मशीन न थांबवता सांगायची, की बाई गं, तिच्याशी बोलून काही उपयोग नाही, मी जन्मापासून बोलून बघतेय. ते तरातरा वर जायचे आणि थोड्या वेळानं गुपचूप खाली उतरायचे. निम्मे दुसऱ्या दिवशी पोर काढून न्यायचे. उरलेले का ठेवायचे ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्यांची पोरं मोठ्या शाळेत लागायची, हे खरं.

मोठी शाळा म्हणजे टेकडीच्या रस्त्यावरची. तिला रीतसर नाव आहे, पण सगळे मोठी शाळाच म्हणतात. पाचवीला प्रवेशपरीक्षा, तीही आयुष्यात एकदाच. हुकली की हुकली. पेपरात निम्मे प्रश्न नुसते शब्दांचे असतात. जवळचा अर्थ कोणता, उलटा कोणता, रिकाम्या जागी काय बसेल, चारातला कोणता शब्द वेगळा. चार पर्याय आणि चार गोल, त्यातला एक काळा करायचा. आमच्या भागात पोर तिसरीत गेलं की घराघरांत या गोलांचीच चर्चा असते. शेजारणी एकमेकींच्या पोरांना पाण्यात बघायला लागतात.

ताई काही शिक्षिका नव्हती. ती कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलायचे, ताई टाइप करायची, आणि कागदावर चढलेलं परत खाली उतरत नाही हे तिनं नोकरीभर पाहिलं. एकदा एक साक्षीदार बाई म्हणाली की तो माणूस पळाला. नंतर बाहेरच्या बाकावर बसून तीच बाई ताईला सांगत होती, की तसा तो जरा भरभर चालला एवढंच, पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तोंडाला आलं ते बोलून गेले. तोवर सही झाली होती. तो माणूस बरीच वर्षं आत गेला. त्या दिवशी ताई घरी आली ती जेवलीच नाही, आणि तेव्हापासून तिचं हे सुरू झालं. भाजी बरी झालीय का विचारलं तर आणखी एक घास खाऊन, विचार करून मग सांगायची. आमच्या भावजींनी, देव त्यांचं भलं करो, तिच्यापुढे कधीच हात टेकले होते.

नोकरी संपली, भावजी गेले, आणि कुणीतरी म्हणालं म्हणून तिनं पोरांना शब्द शिकवायला घेतले. तिची पद्धत अशी की दिवसाला एकच शब्द. अर्थ सांगायचा नाही. तास संपेपर्यंत ती तो शब्द जिथे बसेल तिथे वापरत राहायची, चहाला, खिडकीला, शेजाऱ्याच्या कुत्र्याला. पोरानं तो घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरात खरोखर घडलेल्या गोष्टीबद्दल त्या शब्दाचं वाक्य आणायचं. पुस्तकातलं वाक्य आणलंस तर परत घरी. तोवर तो शब्द अर्ध्या ओळखीचा. अर्ध्या ओळखीच्या माणसाला आपण घरात झोपायला जागा देतो का, असं ती पोरांना विचारायची, आणि पोरं बिचारी माना हलवायची. त्यातही क्रम होता. हाताला लागतात ते शब्द आधी, खरखरीत, ओलसर, चिवट. डोळ्यांना दिसतात ते नंतर, लगबग, अलगद. आणि पोटात होतात ते सगळ्यात शेवटी.

चिवटच्या दिवशी तर माझ्या नाकी नऊ आले. कॉलरचा डाग चिवट, दारावरचा विक्रेता चिवट, आणि शेवटी मीही चिवट.

हे सगळं ज्या पोरीसाठी चाललं होतं ती मुंगी. ताईची नात. लहानपणी भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून मीच तिला मुंगी म्हणायला लागले आणि ते चिकटलं. ताईची एकुलती एक लेक आजारपणात गेली तेव्हा मुंगी पहिलीत होती. जावई लांबच्या गावी बंदरावर क्रेन चालवतो, तो एकटा पोर कशी सांभाळणार, म्हणून मुंगी आमच्याकडे राहिली. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. ती बाई वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू. मग एक दिवस तो आला, ताईसमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, की आई, आता घर झालंय, मी मुंगीला घेऊन जातो.  ताईनं मोठ्या शाळेचा विषय काढला. तशी शाळा त्याच्या गावात नाही. जावई सरळ माणूस, त्यानं बराच वेळ विचार केला आणि कबूल झाला. मुंगी मोठ्या शाळेत लागली तर दहावीपर्यंत आजीकडे राहील. नाही लागली तर पाचवीला त्याच्याकडे. ताईनं मान्य केलं आणि दोघांनी एकमेकांना शब्द दिला.

म्हणजे पोरीचं नुसतं अॅडमिशन नव्हतं पणाला लागलेलं. घरात पोर राहते की जाते, हेच पणाला लागलं होतं.

मुंगी इतरांसारखी नव्हती. इतर पोरं शिकवणीपुरती ताईचं ऐकायची, मुंगी ते अंगी लावून घ्यायची. जिन्यात कुणी सहज विचारलं, काय मुंगीबाई, कशी आहेस, तर मजेत म्हणून मोकळं व्हावं की नाही? ही थांबायची. पायरीवर उभं राहून खरोखर विचार करायची आणि सांगायची, की पोट भरलंय, बूट चावतोय, आणि उद्याचा गृहपाठ झालेला नाही. विचारणारा हसत सुटायचा. मजेत का म्हणत नाहीस गं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, की मजेत आहे की नाही ते मला नक्की कळत नाही, धाकटी आजी.

आणि ओशाळण्याचं तर विचारू नका. तो शब्द तिला बरेच दिवस पटेना. वाक्यं आणायची, ताई परत पाठवायची. मग एक दिवस मी एका साहेबांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापून ठेवल्या. साहेब घालून बघायला आले आणि आरशासमोर तसेच उभे राहिले. मी काय काय कारणं दिली ते माझं मला माहीत. मुंगी स्टुलावर बसून सगळं बघत होती. साहेब गेल्यावर ती टुणकन उठली, जिना चढून गेली आणि वरून मला ऐकू येईल असं म्हणाली, की आज धाकटी आजी ओशाळली. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी भडकले, दोन दिवस वर गेले नाही. पण पोरीचं चुकलं कुठे होतं? ओशाळलेच होते मी.

ताईच्या घरात ते दिवस फार चांगले होते. आता आठवले की जीव कासावीस होतो.

परीक्षा जवळ आली तशी वरच्या खोलीत पोरांची गर्दी वाढली. त्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा मुलगा होता. पोरगा गोड, पण शब्दांच्या बाबतीत आनंद होता. माझे वडील काल अलगद घोरत होते, असलं काहीतरी बोलायचा. ताई त्याच्यासमोर कपाळावर हात मारून घ्यायची. शेवटच्या शिकवणीच्या दिवशी मुंगी खाली माझ्याकडे आली आणि पांढरा दोरा मागितला. मी रीळ दिलं. ती गेली नाही, स्टुलावर बसली. म्हणाली, आजीनं सांगितलंय, हाक मारेपर्यंत इथेच बस. मी म्हटलं, बस की मग. कापडाचे तुकडे रंगाप्रमाणे लावत ती बसून राहिली. वरून हाक यायला बराच वेळ लागला. ताईला शिवणकामातलं ओ की ठो कळत नाही, तिला पांढरा दोरा कशाला हवा होता, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. सगळे आईबाप जीव मुठीत धरून उभे. घंटा झाली आणि पोरं बाहेर आली. औषधवाल्याचा मुलगा लांबूनच ओरडत आला, की सगळे सोडवले, एकही ठेवला नाही. मुंगी शेवटच्या पोरांत होती. शांत, पट्टी आणि पेन्सिल नीट पिशवीत घालून. ताईनं विचारलं, कसा गेला पेपर. मुंगी सवयीप्रमाणे थांबली, विचार केला आणि म्हणाली, "जे शब्द माझे होते, ते सगळे बरोबर आले."

ताईचा चेहरा असा खुलला की काय सांगू.  मी मात्र विचारलं, "आणि जे तुझे नव्हते?"

"ते मी सोडले."

"सोडले म्हणजे? कोरे?"

"अर्ध्या ओळखीचे होते ना. एक हुरहूर होता. तो आजीनं मला अजून दिला नव्हता."

मी म्हटलं, अगं चुकलं तर गुण कापत नाहीत, पेपरावर लिहिलं असेल की तसं. तर म्हणाली, हो, लिहिलं होतं, मी वाचलं. पण मला नक्की माहीत नव्हतं. एवढंच. अंदाजानं एखादा गोल काळा करता येतो, हे तिच्या गावीच नव्हतं. ताईनं पिशवीचा पट्टा धरला होता, तो तिच्या हातातून सुटला. 

निकालापर्यंतचे दिवस आमचे जीव टांगणीला लागलेले. ताई स्वतःची समजूत घालायची. बरोबर आलेत ते पुरतील. बाकीचे विषय चांगले गेलेत. पेपर सगळ्यांनाच अवघड होता.  मुंगी रोज सकाळी आजचा शब्द मागायची आणि ताई द्यायची, पण आता सगळे हाताला लागणारेच शब्द द्यायला लागली. जणू पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

यादी लागली. मुंगीचं नाव नव्हतं. ताई शाळेच्या कचेरीत गेली, मीही तिच्या मागोमाग. तिथली बाई चांगली होती. तिनं कागद काढून बघितला, परत बघितला आणि म्हणाली, की आजी, अगदी थोडक्यात गेलं हो. या मुलीचं एकही उत्तर चुकलेलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघतेय. पण एवढे गोल कोरे का ठेवले? डोळे मिटून भरले असते तरी चारातला एक लागला असता आणि जागा मिळाली असती. ताईनं विचारलं, पुन्हा एकदा पेपर घेता येईल का. बाई म्हणाली, नाही हो, तसं करता येत नाही. ताईनं पुन्हा तेच विचारलं. जिनं आयुष्यभर कोर्टात लोकांना नाही ऐकताना पाहिलं, ती तीनतीनदा तेच विचारत टेबलाला धरून उभी होती. शेवटी मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

संध्याकाळी औषधवाला मुलाला आणि मिठाईचा डबा घेऊन वर आला. त्याचा मुलगा लागला होता. ताई आत होती, म्हणून डबा मीच घेतला. पोरगं आनंदानं उड्या मारत होतं. म्हणालं, आजींनी सांगितलं होतं तसंच केलं. काय सांगितलं होतं, मी विचारलं. तर म्हणाला, शेवटच्या दिवशी आजींनी सगळ्यांना सांगितलं की एकही गोल कोरा सोडायचा नाही, येत नसेल तर कुठलाही एक काळा करा, देव आहे. असं आजी कधी बोलत नाहीत, म्हणून आम्हाला खूप हसू आलं.

पांढरा दोरा का हवा होता ते मला तेव्हा कळलं. डबा तसाच टेबलावर आपटून मी आत गेले.

ताई खिडकीपाशी बसली होती. मी काही राखून ठेवलं नाही. म्हटलं, लोकांच्या पोरांना सांगितलंस. त्या औषधवाल्याच्या ठोंब्याला सांगितलंस. आणि स्वतःच्या रक्ताच्या पोरीला जिना उतरून खाली पाठवलंस? तोंडात जीभ नव्हती तुझ्या? ताई भिंतीकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगताना काही वाटलं नाही. ती मुलं असंही अंदाजानंच बोलतात. पण ही एकटीच नाही बोलत गं. मला वाटलं, तेवढं एक हिला नको शिकवायला. त्याच्याशिवाय होईल."

"झालं का?"

ताई रडली. मी तिला भावजी गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं आणि लेक गेली तेव्हाही. त्या दोन्ही वेळा लोक होते, हात धरायला कुणी ना कुणी होतं, आणि जे झालं ते तिनं केलेलं नव्हतं. या वेळी मी होते, आणि मी तर तिच्यावर चिडलेली. मी खाली निघून गेले आणि मशीनवर उगाचच एक शिवण उसवत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, जावयाला फोन कर, रड, पाया पड, काहीही कर. सांग की पेपरात घोटाळा झाला, सांग की पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे. ताई म्हणाली, नाही आहे. मी म्हटलं, त्याला कुठे माहितीये? ताईनं फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. पोर लागली नाही, चूक माझी आहे, पण तिला इथेच राहू दे.  तो म्हणाला, की आई, तुम्हीच शब्द दिला होता, मीही दिला होता, मी तो पाळलाच असता. ताईनं फोन ठेवला. दुसरी कुणी असती तर शब्द फिरवला असता आणि वर चार शिव्याही दिल्या असत्या. मीच दिल्या असत्या.

जावई न्यायला आला त्या दिवशी मुंगीची बॅग दाराशी तयार होती. तिच्या वस्तू थोड्याच. माझ्या दुकानातले कापडाचे तुकडे तिनं मागून घेतले होते. सकाळी उठल्यावर ती रोजच्यासारखी ताईसमोर उभी राहिली आणि आजचा शब्द काय म्हणून विचारलं. ताई म्हणाली, आज नको. मुंगीनं मान हलवली. जावई बॅग घेऊन खाली उतरला. मुंगी पहिल्या पायरीवर थांबली, भिंतीला हात लावून, आणि मागे वळून म्हणाली, "आजी, मी परत कधी येणार?"

एवढंसं उत्तर होतं. लवकर. कुठल्याही आजीनं दिलं असतं. मी ताईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल, बोल गं बाई, काय लागतं बोलायला. ताईचे ओठ हलले. पण आवाज आला नाही. शेवटी मीच पुढे झाले आणि म्हटलं, लवकर येशील गं राणी, सुट्टी लागली की लगेच. मुंगीनं माझ्याकडे पाहिलं, अगदी शहाण्यासारखं, आणि परत आजीकडे पाहिलं.  पोरगी समजली. पुन्हा विचारलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं जिना उतरली आणि गाडीत बसली.

त्या सुट्टीत ती आली नाही. तिकडच्या बाईला बाळ होणार होतं, प्रवास नको म्हणाले. पुढच्या सुट्टीतही काहीतरी निघालं. ताईनं शिकवणी बंद केली. आईबाप अजून विचारायला येतात, मी खालूनच वाटेला लावते. ताई दिवसभर खिडकीपाशी बसते आणि मी वर जेवायला गेले की जेवते. काय झालंय विचारलं तर विचार करते आणि काहीच सांगत नाही.

रविवारी फोन येतो. आधी आधी मुंगी फोनवर सगळं सांगायची. इथलं पाणी खारट लागतं, बाळ माझ्या बोटाला घट्ट धरतं, वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. ताई ऐकत राहायची. मग हळूहळू बोलणं कमी झालं. परवाच्या रविवारी मी तिथेच भाजी निवडत बसले होते, फोन मोठ्या आवाजावर होता. ताईनं विचारलं, कशी आहेस बाळा.

"मजेत आहे, आजी," मुंगी म्हणाली. लगेच म्हणाली, जरासुद्धा न थांबता. "तू कशी आहेस?"

मला बरंच वाटलं, खरं सांगते. म्हटलं, रुळली पोर एकदाची. बोलणं संपलं. ताईनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अंदाजानं सांगितलं तिनं."